अंगठ्याचं श्रेय

1960 च्या सप्टेंबरात राल्फ रिन्झलर हा लोकसंगीताचा संग्राहक न्यू यॉर्कहून टेनेसीच्या डोंगराळ भागात आला, तो क्लॅरेन्स ॲशली या जुन्या गायक-बँजोवादकाचं ध्वनिमुद्रण करायला. ॲशलीने साथीला नॉर्थ कॅरोलायनातल्या डीप गॅपचा एक अंध गिटारवादक बोलावून ठेवला होता. वय 37. पियानो सुरात लावून द्यायची कामं करणारा, आणि काही वर्षं जॅक विल्यम्सच्या डान्स बँडमध्ये वाजवणारा. हा गृहस्थ आला तो गिब्सनची लेस पॉल घेऊन. विजेवरची गिटार! रिन्झलरला ती चालणार नव्हती, आणि वादकाकडे दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी ट्रकच्या मागच्या भागात रिन्झलर बँजो वाजवत बसला होता. या वादकाने तो मागून घेतला आणि वाजवायला लागला, तेव्हा कुठे रिन्झलरला कळलं की समोर कोण बसलंय. पुढचं ध्वनिमुद्रण उसन्या साध्या गिटारवर झालं.

तो वादक म्हणजे डॉक वॉटसन. चार वर्षांनी, 1964 मध्ये, व्हॅनगार्ड कंपनीने 'डॉक वॉटसन' एवढ्याच नावाची त्याची पहिली स्वतंत्र तबकडी काढली. तेरा गाणी. तोवर अमेरिकेच्या डोंगरी संगीतात गिटारचं काम ठेका धरायचं आणि मागे उभं राहायचं. पुढे असायचे ते फिडल, बँजो आणि मॅन्डोलिन. या तबकडीनंतर क्लॅरेन्स व्हाइट, टोनी राइस यांच्यासारख्या वादकांनी गिटार पुढे आणली आणि ती तिथेच राहिली. तबकडीवर छाप मात्र पडली ती 'अस्सल डोंगरी परंपरा' अशी. याच छापेशी माझं भांडण आहे. एका तबकडीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण 1967 मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेचा लोकजीवन महोत्सव सुरू झाला आणि त्याच्या संस्थापकांत हाच रिन्झलर होता. कुठली कला पारंपरिक, कुठली नाही, मंचावर कुणाला घ्यायचं, सरकारी मानधन कुणाला द्यायचं, हे प्रश्न तेव्हापासून सार्वजनिक पैशाचे झाले. लेस पॉल दाराबाहेर ठेवून आत ये, ही अट एका माणसाच्या आवडीतून निघाली आणि संस्थांच्या निकषात जाऊन बसली.

आता ती तबकडी उघडून बघू.

'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड' हे मिसिसिपी शीक्स या कृष्णवर्णीय तंतुवाद्यवृंदाने 1930 मध्ये मुद्रित केलेलं आणि खूप खपलेलं गाणं. 'कंट्री ब्लूज' व्हर्जिनियातला कोळसा खाणकामगार डॉक बॉग्ज याने 1927 मध्ये ब्रन्सविक कंपनीसाठी गायलं होतं. 'इन्टॉक्सिकेटेड रॅट' हे कापडगिरणीत काम करणाऱ्या डॉर्सी डिक्सनचं. त्याने ते स्वतः रचलं आणि भावासोबत 1936 मध्ये मुद्रित केलं. 'नॅशव्हिल ब्लूज' आणि 'डीप रिव्हर ब्लूज' ही दोन्ही अलाबामाच्या डेलमोर बंधूंकडून आलेली, रेडिओवर आणि तबकड्यांवर गाजलेली. 'ब्लॅक माउंटन रॅग' फिडलवर लोकप्रिय केलं कर्ली फॉक्सने, तेही रेडिओ आणि तबकडीवरूनच. 'डॉक्स गिटार' तर त्याची स्वतःची रचना. म्हणजे निम्म्याहून अधिक ऐवज आला बाजारातल्या तबकड्यांमधून, रेडिओमधून, नाहीतर वादकाच्या स्वतःच्या डोक्यातून. उरलेल्यात 'टॉक अबाउट सफरिंग'सारखं साथीशिवाय गायलेलं भजन, खुनांच्या जुन्या कथागीतांपैकी 'ओमी वाइज' आणि 'टॉम डूली', असं काही.

यात फसवणूक कुठेच नाही. वॉटसनच्या घरात ग्रामोफोन होता, रेडिओ होता. 1920-30 च्या दशकांत ॲपलाचियन डोंगरात वाढलेल्या मुलाची परंपरा म्हणजे चर्चमधली भजनं, आईवडिलांची गाणी, आणि सिअर्सच्या कॅटलॉगमधून मागवलेल्या तबकड्यासुद्धा. कार्टर फॅमिलीचं गाणं तबकडीवर ऐकून अंगणात बसवणारा मुलगा त्या डोंगरात घरोघरी सापडला असता. परंपरा ज्या वाटेने येते ती वाट दुकानावरूनही जाते, एवढं मान्य करायला संग्राहकांना इतका त्रास का व्हावा?

एकच गाणं जवळून पाहू, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. 'डीप रिव्हर ब्लूज'.

मूळ 'बिग रिव्हर ब्लूज' डेलमोर बंधूंनी 1933 मध्ये मुद्रित केलं. ॲल्टनकडे सहा तारांची गिटार, रेबनकडे चार तारांची टेनर गिटार. दोन माणसं, दोन वाद्यं. वॉटसनने ते एका गिटारवर आणलं, आणि त्यासाठी मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाची अंगठ्याची पद्धत वापरली: अंगठा बेसचा ठेका धरतो, तर्जनी वर चाल वाजवते. (मुलाचं नावही त्याने मर्ल ठेवलं होतं.) गिटार हातात असेल तर हे करून पाहा, म्हणजे 'साधं लोकसंगीत' या शब्दाचं काय होतं ते बोटांनाच कळेल.

उजव्या अंगठ्यात थंब-पिक (अंगठ्याची नखी) घाला. वॉटसन अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी वाजवत असे, तेव्हा तिसरं बोट विसरा. डाव्या हाताने ई कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) धरा. अंगठा सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर, मग चौथ्या, पुन्हा सहाव्या, पुन्हा चौथ्या. एक-दोन-तीन-चार, ठोका न चुकवता. तळहाताची कड ब्रिजला (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात ती पट्टी) टेकवा, म्हणजे बेसचा स्वर 'ठंऽ' असा रेंगाळणार नाही, 'ठप्' असा उमटून थांबेल. कड ब्रिजपासून बोटभर पुढे सरकली तर स्वर पुरता मरतो आणि नुसता लाकडाचा आवाज येतो. मागे सरकली तर बेस घुमायला लागतो आणि वरची चाल त्यात बुडते. योग्य जागा दोन-तीन मिलिमीटरची असते आणि ती प्रत्येक गिटारवर नव्याने शोधावी लागते.

मेट्रोनोम (ठोका देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर लावून दहा मिनिटं फक्त अंगठा. शेजारच्या माणसाशी गप्पा मारता मारता तो चालत राहिला पाहिजे. इथे घाई करणारा माणूस पुढे हमखास अडकतो, कारण तर्जनीने चाल सुरू केली की अंगठा तिच्यामागे धावतो. चाल ठोक्याच्या मध्ये आली की अंगठाही मध्येच पडतो, आणि दोन माणसं वाजवताहेत हा सगळा भास कोसळतो. उपाय एकच. आधी तर्जनी फक्त पहिल्या ठोक्यावर, अंगठ्यासोबत चिमटीत. मग ती दोन ठोक्यांच्या मध्ये. एका वेळी एकच स्वर वाढवायचा.

आता खरी गंमत. ई वरून वॉटसन जातो ई डिमिनिश्ड या ताणलेल्या, अस्थिर कॉर्डवर. चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तर्जनीने, तिसरी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिकेने, दुसरी तार दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटाने, पहिली तार तिसऱ्या फ्रेटवर करंगळीने. सहावी तार मोकळी, तिचा ई चालूच. पाचवी तार मात्र अजिबात वाजता कामा नये. मोकळी पाचवी म्हणजे ए, तो स्वर या कॉर्डमध्ये नाही, आणि अंगठा सवयीने तिथे गेला की सगळा रंग गढूळ होतो. म्हणून डाव्या तर्जनीचं टोक किंचित पाचव्या तारेला टेकवून ठेवायचं. बहुतेकांची करंगळी इथे आडवी पडते आणि पहिली तार मुकी होते. मनगट थोडं पुढे काढलं की करंगळी उभी राहते. मग परत ई, मग ए सेव्हन, आणि ए सेव्हनला अंगठ्याची जोडी बदलून पाचवी-चौथी होते. ही बदलाची जागा सगळ्यांत जास्त चुकते, कारण डावा हात कॉर्ड बदलण्यात गुंतलेला असतो आणि उजव्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हा डिमिनिश्ड कॉर्ड रॅगटाइमच्या आणि जॅझच्या घरचा. डोंगरातल्या 'अस्पर्श' परंपरेत त्याला जागा नाही, असं शुद्धतावादी निकष लावला तर म्हणावं लागेल. तो काढून टाका आणि गाणं ऐका. उरतं ते सपाट, पावसाच्या पाण्यासारखं पसरलेलं काहीतरी. गाण्याची चव त्या एका वळणात आहे.

आणि तो अंगठा? ट्रॅव्हिस केंटकीच्या म्युलनबर्ग काउंटीचा, कोळशाच्या खाणींचा मुलूख. त्याने तो मोज रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडून उचलला. (एव्हर्ली ब्रदर्सचे वडील, तेच आइक.) त्यांच्याआधी केनेडी जोन्स, आणि त्या सगळ्यांच्या मागे आर्नल्ड शुल्झ हा कृष्णवर्णीय वादक, जन्म 1886, मृत्यू 1931. शुल्झचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्या काळात कंपन्या कृष्णवर्णीयांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून आणि गोऱ्या डोंगरवासीयांच्या 'जुन्या चाली' म्हणून वेगवेगळ्या कॅटलॉगांत विकत होत्या. गावातल्या नाचाच्या रात्री ही भिंत नव्हती, शुल्झ गोऱ्या वाद्यवृंदातही वाजवत असे. भिंत होती छापील कागदावर. नंतर 'परंपरा' शोधायला निघालेले लोक तो कागद हातात घेऊनच निघाले.

लेस पॉलचंही तेच. जॅक विल्यम्सच्या बँडमध्ये फिडलवाला नव्हता, पण नाचायला आलेल्या मंडळींना स्क्वेअर डान्ससाठी फिडलच्या चाली हव्या असत. तेव्हा वॉटसनने त्या विजेच्या गिटारवर पिकने, म्हणजे हातात धरायच्या नखीने, बसवल्या. फिडलचा गज एका ओढीत चार-पाच स्वर बांधून नेतो. गिटारला प्रत्येक स्वर स्वतंत्र छेडावा लागतो, आणि छेडल्याबरोबर तो विरायला लागतो. मिनिटाला 120 ठोके धरले आणि ठोक्याला चार स्वर, तर सेकंदाला आठ. हे टिकतं ते एकाच शिस्तीने: ठोक्यावरचा स्वर खाली जाणाऱ्या पिकने, मधला वर येणाऱ्या पिकने, तार बदलली तरी क्रम बदलायचा नाही. तार ओलांडताना सोपं वाटतं म्हणून सलग दोनदा खाली मारलं की पुढच्या चार स्वरांचा क्रम उलटतो आणि ठेका घसरतो. ही शिस्त वॉटसनच्या हातात मुरली ती डान्स हॉलमध्ये, ॲम्प्लिफायरसमोर, घाम गाळणाऱ्या जोडप्यांसाठी वाजवताना. 1964 ला 'ब्लॅक माउंटन रॅग' ऐकून शहरातल्या श्रोत्यांनी ज्याला डोंगराचा आवाज म्हटलं, तो बराचसा त्या डान्स हॉलचा आवाज आहे. लेस पॉल नसती तर ही तबकडी अशी वाजली नसती. तीच वस्तू दाराबाहेर ठेवली गेली.

रिन्झलरची बाजू दुबळी नाही, आणि तिला टाळून पुढे जाणं बरोबर नाही. साध्या गिटारचा आग्रह त्याने धरला नसता तर वॉटसनला 1961 मध्ये न्यू यॉर्कचा कार्यक्रम मिळाला नसता, 1963 ला न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव मिळाला नसता. तेव्हा शहरातला जो श्रोता पैसे देऊन येत होता त्याला साधीच गिटार हवी होती. शिवाय साध्या गिटारने वॉटसनच्या हाताला नवं काही दिलं हेही खरं: विजेच्या साथीशिवाय प्रत्येक स्वर नागवा पडतो, तो पेलायला स्वराचा आकारच बदलावा लागतो. तेव्हा रिन्झलरचा निर्णय कार्यक्रमाचा संयोजक म्हणून शहाणपणाचा होता. माझी हरकत आहे ती त्या निर्णयाला पुढे इतिहासाचा दर्जा मिळाला याला. संयोजकाची निवड ही निवड म्हणून लिहून ठेवावी. 'हा माणूस असाच होता' असं लिहिलं की निवडणारा अदृश्य होतो आणि वादकाचं आयुष्य कापलं जातं.

वॉटसनला स्वतःला ही कात्री मान्य नव्हती, हे त्याने नंतर केलेल्या कामांवरून दिसतं. मुलगा मर्ल 1985 मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या आठवणीत 1988 पासून विल्क्सबरोच्या कम्युनिटी कॉलेजात मर्लफेस्ट भरू लागला. तिथल्या संगीताला वॉटसनने नाव दिलं 'ट्रॅडिशनल प्लस': परंपरा, आणि वाजवणाऱ्याला जे आणखी वाजवावंसं वाटेल ते. 1995 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्याने 'डॉकाबिली' नावाची रॉकाबिलीची, म्हणजे रॉक अँड रोल आणि कंट्रीच्या मिश्रणाची, तबकडी काढली. म्हणजे लेस पॉलवाला माणूस कुठे गेलाच नव्हता.

शुद्धतेच्या छापेमुळे पैशाचं काय होतं, ते 'टॉम डूली' दाखवतं. टॉम ड्यूलाला लॉरा फॉस्टरच्या खुनासाठी 1868 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात फाशी झाली. त्याचं कथागीत ग्रेसन आणि व्हिटर यांनी 1929 मध्येच मुद्रित केलं होतं. वॉटसनची चाल त्याच्या घरातून आलेली, वेगळी आणि चढ्या लयीची. पण जगाने ऐकली ती किंग्स्टन ट्रिओ या गायक-त्रयीची, 1958 ची, लाखोंनी खपलेली. ती चाल आली वॉटसनच्याच वटोगा काउंटीतल्या फ्रँक प्रॉफिटकडून. संग्राहक फ्रँक वॉर्नरने ती 1930 च्या दशकाच्या शेवटी त्याच्याकडून घेतली, वॉर्नरकडून ती ॲलन लोमॅक्सच्या संग्रहात गेली, आणि तिथून छापील पुस्तकात. प्रॉफिटने आपलं गाणं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं ते टीव्हीवर. पुढे तडजोड होऊन त्याला वाटा मिळू लागला, पण तोवर विक्रीचा पूर ओसरला होता. गाणं 'पारंपरिक' म्हटलं की ते कुणाचंच नसतं, आणि जे कुणाचंच नसतं ते पहिल्यांदा अर्ज भरणाऱ्याचं होतं.

आपल्याकडे गाणं ऐकणाऱ्याला बंदिश कुणाची आणि गायकी कुणाची हे दोन प्रश्न वेगळे असतात हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकी कायद्यातही मांडणीचा वेगळा हक्क आहे, तेव्हा यंत्रणा नाही असं नाही. नाही ती सवय.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. तबकडी, फाइल, महोत्सवाची पुस्तिका, संग्रहालयातली नोंद, जिथे 'पारंपरिक' हा एकच शब्द छापला जातो तिथे चार ओळी छापा. कुणाकडून ऐकलं, कोणत्या मुद्रणावरून आणि कोणत्या सालचं. वाजवण्याची पद्धत कुणाची. या वादकाने काय बदललं. मांडणीचे पैसे कुणाला जातात. 'डीप रिव्हर ब्लूज'पुरतं पाहिलं तर पहिली ओळ: डेलमोर बंधू, 'बिग रिव्हर ब्लूज', 1933. दुसरी: ट्रॅव्हिस, त्याच्यामागे रेगर, एव्हर्ली, जोन्स, शुल्झ. तिसरी: दोन वाद्यांचं एकावर, अंगठा सहावी-चौथी, ई वरून डिमिनिश्ड. चौथी कंपनीच्या हिशेबनीसाने भरायची.

यावर नेहमीचा आक्षेप: साखळीला अंतच नाही, शुल्झच्या मागे कोण? असेल कुणीतरी. नोंद जिथे संपते तिथे थांबा आणि पुढची जागा रिकामी ठेवा. रिकामी जागा दिसली की कुणीतरी शोधतो. 'पारंपरिक' लिहून ती बुजवली की शोधायचं कारणच उरत नाही. दुसरा आक्षेप असा की श्रोत्याला एवढं कुठे हवं असतं. पण 1964 चा श्रोता तबकडीच्या मागचा बारीक मजकूर भिंगाने वाचत होता, आणि 'डीप रिव्हर' शिकणाऱ्या प्रत्येकाला आजही ट्रॅव्हिसपर्यंत जावंच लागतं, कारण अंगठा तिथूनच सुरू होतो.

सार्वजनिक मानधनाच्या निवडीत तर हे जास्तच लागू पडतं. वॉटसनला 1988 मध्ये राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली ती रास्तच. पण आजचा एखादा डीप गॅपचा वादक अर्जासोबत विजेच्या गिटारवरचं मुद्रण जोडेल तर त्याला काय उत्तर मिळावं? माझ्या मते परीक्षकांनी एकच विचारावं: तू कुणाकडून घेतलंस आणि त्याचं काय केलंस? तार कुठली, वीज आहे का, हे प्रश्न बाजारातल्या श्रोत्याचे आहेत, ते त्यालाच विचारू द्या.

आणि हे काम पुढच्या काही वर्षांत करायला निमित्तही आहे. अमेरिकेत 2018 च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मुदती ठरल्या. 1923 ते 1946 मधली मुद्रणं शंभर वर्षांनी खुली होतात, म्हणजे डॉक बॉग्जचं 1927 चं 'कंट्री ब्लूज' 1 जानेवारी 2028 ला सगळ्यांचं होईल, शीक्सचं 1930 चं 1 जानेवारी 2031 ला. वॉटसनची तबकडी मात्र 15 फेब्रुवारी 2067 पर्यंत कंपनीकडेच राहील. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं असं असेल की ज्यांच्याकडून गाणी आली त्यांचे आवाज फुकट ऐकता येतील, आणि ज्याने ती जगभर पोचवली त्याचा आवाज विकत घ्यावा लागेल. त्या विकल्या जाणाऱ्या प्रतीच्या मागच्या बाजूला बॉग्जचं आणि शीक्सचं नाव छापायला शाई किती लागणार आहे?